साडूंच्या भिंतीवरची पेडलं

गल्लीत त्यांना सगळे कानवाले म्हणत. ऐकू येण्याची यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. दुकानाच्या पुढच्या भागात कान तपासणाऱ्या बाई बसत आणि मागच्या अंगाला, दीड माणूस मावेल एवढ्या खोलीत, कानवाले. टेबलाला घट्ट बसवलेलं भिंग, केसाएवढ्या तारा, कुणाच्या तरी आजोबांच्या कानातला मळ. दिवसभर मान खाली. पण शनिवार-रविवारची संध्याकाळ झाली की हाच माणूस इस्त्रीचा काळा सदरा घालून एका हॉटेलच्या बँडमध्ये बास गिटार वाजवायला उभा राहायचा. जेवणारी माणसं बँडकडे बघत नाहीत आणि बँड बघणारी माणसं बासवाल्याकडे बघत नाहीत, तरीही ते अठरा वर्षं उभे राहिले. मग हॉटेलात नवा मॅनेजर आला, त्याने भिंतीत स्पीकर बसवले आणि बँडला नारळ दिला. तेव्हापासून गिटार कपाटामागे उभी होती आणि तिच्याजवळ त्यांचं एकुलतं एक पेडल.

पेडल म्हणजे गिटार आणि स्पीकर यांच्या मधे जमिनीवर ठेवायची पत्र्याची डबी. पायाने दाबली की आवाज बदलतो. कुठलं पेडल आवाज जाड करतं, कुठलं घुमवतं, कुठलं फाडतं. कानवाल्यांच्या पेडलाचं बटण त्यांनी स्वतः तीनदा बदललं होतं.

त्यांच्या साडूंकडे अशी एकशे चौदा होती.

साडू दातांचे डॉक्टर. कानवाल्यांच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दवाखाना जोरात, घर दुमजली. वरची मोठी खोली त्यांनी स्टुडिओ करून घेतली होती. भिंतींना आवाज पिणारा काळा फोम, पायाखाली गालिचा, पाच गिटारी, दोन बास, आणि एक अख्खी भिंत नुसत्या फळ्यांची. त्या फळ्यांवर पेडलं, प्रत्येकावर छोटा दिवा. आणि लावलेली कशी, तर रंगाप्रमाणे. लाल लालाशेजारी, निळं निळ्याशेजारी, जशी रंगाच्या दुकानातली पट्टी. कानवाल्यांच्या डोळ्यांत सगळ्यात जास्त हेच खुपायचं. ज्याला आवाज कळतो तो पेडलं रंगाने लावेल का? दात आहेत तिथे चणे नाहीत आणि चणे आहेत तिथे दात नाहीत, असं ते मनाशी म्हणायचे. साडूंचा धंदाच दातांचा असल्यामुळे ही म्हण त्यांना फार चपखल वाटायची.

डॉक्टर वाजवायचे बेताचं. सूर बरोबर, बोटं फिरायची, पण वाजवण्यात धार नसायची, आणि प्रत्येक तुकडा थोडा जास्तच जोरात. कानवाल्यांच्या जिवाला तेवढाच काय तो विसावा होता. भिंत त्यांची, पण हात आपला.

आणखी एक गोष्ट त्यांच्या मनात चार वर्षं रुतून बसली होती. स्टुडिओ नवा झाला तेव्हा डॉक्टरांनी सगळ्या नातेवाइकांना तो दाखवायला बोलावलं. माणसं जिन्याकडे वळली, आणि कानवाले मागे रेंगाळून, धीर गोळा करून म्हणाले, "डॉक्टर, ते हिरवं बासचं पेडल आठवडाभर घरी नेऊ का?" डॉक्टर पाठमोरे उभे होते. त्यांनी दिवा बंद केला आणि एक शब्द न बोलता खाली निघून गेले. कानवाले अंधारात उभे राहिले. त्या दिवसापासून त्यांनी कानाला खडा लावला की या माणसाकडे पुन्हा काही मागायचं नाही.

म्हणून डॉक्टरांच्या बायकोचा, म्हणजे ताईंचा, फोन आला तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ताई म्हणाल्या, पेडलं खरखरतायत, बाहेरच्या कुणाच्या हाती द्यायची यांची तयारी नाही, साडूभाऊच करतील म्हणतात. कानवाल्यांनी आढेवेढे घेतले. पण बायकोने "ताईने पहिल्यांदाच काही मागितलंय" एवढंच म्हणून विषय संपवला. रविवारच्या सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन ते त्या खोलीत हजर झाले.

एकेक पेडल उघडायला लागले तसा त्यांचा जळफळाट वाढत गेला. काहींवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. काहींत बॅटऱ्या विसरून राहिल्या होत्या आणि त्यांचा पांढरा चोथा तारांवर पसरला होता. आपलं एक पेडल आपण रुमालात गुंडाळून ठेवतो, आणि इथे बघा. तिसऱ्या रविवारी त्यांच्या हाती एक जुनं राखाडी पेडल आलं. आवाज फाडणारं, दोघांच्याही वयापेक्षा मोठं. झाकण काढलं तर आत जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर, वाटाण्याएवढे, पत्र्याच्या टोप्या घातलेले. असे आता कुणी करत नाही, आणि या पेडलाचा आवाज सगळा त्यांच्यातच असतो. डॉक्टर खाली चहा प्यायला गेले होते. कानवाल्यांनी भिंतीवरची बास उतरवली, तार जोडली आणि एकच सूर वाजवला.

तो सूर जाड होता, उबदार होता, आणि कडेला साखरेसारखा विरघळत होता. अठरा वर्षं हॉटेलात ते ज्या आवाजाचा पाठलाग करत होते तो हाच. तो इथे, राखाडी रंगाच्या रांगेत, तसल्याच दोन डब्यांच्या मधे धूळ खात पडला होता.

डॉक्टर वर आले तेव्हा कानवाले म्हणाले, याला घरच्या टेबलावर न्यावं लागेल. डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

घरी त्यांनी ते दोन वाटाणे अलगद उपटले, त्यांच्या जागी आजकाल कुठेही मिळणारे दोन साधे ट्रान्झिस्टर बसवले, बाजूचं काहीबाही बदलून आवाज निघेलसा केला आणि झाकण लावलं. वाटाणे त्यांनी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात नवं सर्किट करून त्यात घातले. काम नेहमीसारखं सफाईदार झालं. याचं त्यांना नंतर फार नवल वाटलं. बायकोने विचारलं, हा डबा कशाचा? ते म्हणाले, "जुन्या सामानाचा." ते खोटंही नव्हतं.

पुढच्या रविवारी मात्र चोराच्या मनात चांदणं. राखाडी पेडलाचा नवा आवाज कर्कश होता, पत्र्यावर खिळा ओढावा तसा. ज्याला थोडे कान आहेत त्याला पहिल्याच सुराला कळलं असतं. डॉक्टरांनी गिटार घेतली, बटण दाबलं, वाजवलं. थांबले. पुन्हा वाजवलं. आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आता कुठे हे बोलायला लागलं," ते म्हणाले. "इतकी वर्षं तोंडात बोळा कोंबल्यासारखं वाजायचं. काय केलंत तरी काय?"

"साफ केलं," कानवाले म्हणाले.

घरी जाताना त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. चोरी केली ती केली, आणि वर शाबासकी. या माणसाला त्यातलं काही कळतच नाही, गाढवाला गुळाची चव काय, असं ते रस्ताभर पुटपुटत होते.

सोमवारी टेबलावर एका म्हाताऱ्या सुताराचं यंत्र उघडून बसले असताना त्यांचा चिमटा हवेतच थांबला. ज्याला गोड आवाज बोळा कोंबल्यासारखा वाटतो आणि कर्कश आवाज मोकळा वाटतो, अशी माणसं त्यांच्या दुकानात रोज येत होती. ज्यांचे वरचे सूर गेले, ती माणसं. तीस वर्षं कानाशेजारी दात कोरायच्या यंत्राची शिट्टी ऐकलेला माणूस दुसरा कसा असणार?

रविवारी त्यांनी खात्री करून घेतली. डॉक्टरांच्या पाठीमागे उभं राहून खिशातल्या किल्ल्या वाजवल्या. डॉक्टर गिटारची तार पुसत राहिले. मग कानवाले हळूच म्हणाले, "डॉक्टर, ते हिरवं पेडल नेऊ का?" काही नाही. डॉक्टरांनी फडकं झटकलं आणि दिव्याचं बटण बंद केलं.

कानवाले पुन्हा त्याच अंधारात उभे होते. चार वर्षं जो अपमान त्यांनी जपून ठेवला होता, तो कुणी केलाच नव्हता.

इथे एखाद्या सज्जन माणसाने लगेच तोंड उघडलं असतं. कानवाल्यांनी तीन आठवडे उघडलं नाही. खोटं कशाला सांगायचं, त्यांना त्यात गोडी वाटली. एकशे चौदा पेडलं, आणि मालकाला अर्धंच ऐकू येतंय. रोज संध्याकाळी ते बिस्किटांचा डबा काढून बास वाजवत आणि मिशीतल्या मिशीत हसत. पण वाजवून झाल्यावर तो डबा परत कपाटात ठेवताना बायकोकडे बघणं त्यांना जड जायला लागलं.

चौथ्या आठवड्यात ताई घरी आल्या. बहिणीशी बोलत बसल्या. लेक फोन करते आणि हे दोन वाक्यांत फोन माझ्याकडे देतात. पेशंट म्हणतात डॉक्टर तुसडे झाले. जेवताना मी बोलते आणि हे ताटात बघून हसतात, असं त्या सांगत होत्या. कानवाले आतल्या खोलीत सगळं ऐकत होते. मग बाहेर आले आणि म्हणाले, "ताई, उद्या त्यांना दुकानात घेऊन या. माझ्यासाठी म्हणून या."

बाईंनी डॉक्टरांचे कान तपासले. कागदावरची रेघ डावीकडून सरळ आली आणि मधेच घसरगुंडीसारखी खाली गेली. बाईंनी समजावून सांगितलं. डॉक्टरांनी बोटाने ती रेघ शेवटपर्यंत गिरवली. मग कानवाल्यांकडे वळून म्हणाले, "मला वाटायचं पेडलंच मिळमिळीत निघतायत. म्हणून दुसरं घ्यायचो. मग आणखी दुसरं."

कानवाल्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली, टेबलावर ठेवली आणि त्या दोन वाटाण्यांची सगळी हकिगत सांगितली. डॉक्टरांना नीट ऐकू यावं म्हणून ते मोठ्याने सांगावं लागलं, तेव्हा बाईंनीही ऐकलं आणि बाहेर रांगेत बसलेल्या दोघांनीही.

डॉक्टरांनी विचारलं, "आता यंत्र लावल्यावर मला कळेल म्हणून सांगताय का?"

"थोडं त्यामुळे," कानवाले म्हणाले. "थोडं न राहवून."

"पण घेतलंत कशाला? मागितलं असतंत तर दिलं नसतं का?"

मागितलं होतं, असं कानवाल्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "तुमच्यावर जळत होतो," एवढंच म्हणाले.

डॉक्टर पुडी घेऊन उठले आणि निघून गेले. महिनाभर फोन नाही. दोघी बहिणी एकमेकींशी जपून बोलायला लागल्या. यंत्रं मात्र दुकानातूनच गेली आणि ती जुळवून देण्याचं काम कानवाल्यांनी बाईंकडून मागून घेतलं. कानाच्या यंत्राला गिटारचा लांब सूर शिट्टी वाटतो आणि ते तो दाबून टाकतं. ती दाबादाबी बंद करून, वरचे सूर हळूहळू मोकळे करून, कानवाल्यांनी तीन दिवस त्यावर घालवले. डॉक्टरांना हे बाईंनी सांगितलं असावं.

महिन्यानंतरच्या रविवारी ताईंनी दोघांना बोलावलं. वर भिंत अर्धी रिकामी होती. उरलेली पेडलं रंगाने लावलेली नव्हती, जाड आवाजाची एकीकडे, घुमणारी एकीकडे. राखाडी पेडल झाकण उघडं ठेवून टेबलावर होतं, शेजारी पुडी.

"हे तुम्हीच बसवा," डॉक्टर म्हणाले. चोरीबद्दल ते त्या दिवशीही काही बोलले नाहीत, पुढेही नाहीत.

कानवाल्यांनी वाटाणे जागेवर बसवले. डॉक्टरांनी गिटार घेतली, आवाज निम्म्यावर आणला आणि वाजवलं. कानवाले ऐकत राहिले. डॉक्टर चांगले वाजवत होते. बोटात धार आली होती. एक सूर दुसऱ्यावर अलगद ठेवला जात होता. इतकी वर्षं हा माणूस काच लावून वाजवत होता, आणि ती काच कानवाल्यांनी स्वतःच्या हाताने काढली होती. भिंतही त्यांची, हातही त्यांचा. कानवाल्यांना वाटलं, आपण बसवलेलं यंत्र एखादा आठवडा बंद पडावं. असं वाटल्याची त्यांना लाज वाटली, पण वाटलं हे खरं.

"साडूभाऊ, बास घ्या," डॉक्टर म्हणाले.

तासभर दोघांनी वाजवलं. खाली बहिणी मोठ्याने हसत होत्या, ते डॉक्टरांना ऐकू आलं आणि ते मधेच थांबून कान देऊन हसले. मग जरा संकोचून म्हणाले, "राग मानू नका, पण एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाताना, त्या वळणावर तुम्ही घाई करता. दर वेळी."

कानवाल्यांनी राग मानला. घरी परतताना बायकोच्या चार पावलं पुढेच चालत राहिले. दार उघडता उघडता तिने विचारलं, काय झालं?

"काही नाही. त्यांना आता सगळं ऐकू येतं," ते म्हणाले.

जेवण झाल्यावर त्यांनी तालाचं घड्याळ शोधून काढलं, ते टेबलावर टिकटिकत ठेवलं आणि दोघांनी वाजवलेला तुकडा सावकाश वाजवून बघितला. वळणावर ते घाई करत होते. त्यांनी पुन्हा वाजवलं. पुढचा रविवार सहा दिवसांवर होता.