कोपऱ्याला भोक पाडलेला अंक

आपल्या नियतकालिकाचा खप कमी करणारे संपादक महाराष्ट्रात पुष्कळ झाले असतील. परंतु तो इतक्या सचोटीने, इतक्या चिकाटीने आणि स्वतः दारोदार हिंडून कमी करणारा संपादक एकच, आणि तो ओझरला राहतो, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणू शकतो. त्यांचे त्रैमासिक जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांबाहेर कोणाला ठाऊक नाही आणि आत फारसे कोणाला आठवत नाही. नाव इतके लांब आणि जड की जुने वर्गणीदारही त्याला नुसते 'अंक' म्हणतात. मुखपृष्ठावर चित्र नसते, कारण 'चित्र बघून घेणारा चित्रच बघतो' अशी संपादकांची ठाम समजूत. आत काय असते, हे सांगताना मला थोडा धीर गोळा करावा लागतो. तळेघर परिसरातील पाऊलवाटांवर एक लेखमाला आहे. ती कैक वर्षे चालू असून लेखक अद्याप पहिल्या ओढ्यापाशीच आहेत. नाचणीचे रोप लावताना मूठ कशी धरावी यावर एक वाद दीर्घकाळ रंगला. वादातील दोन्ही पक्ष एकाच घरात राहतात आणि एकाच ताटात जेवतात, हे पुढे कळले.

संपादक होण्यापूर्वी हे गृहस्थ एसटीत होते. कंडक्टर म्हणून लागले आणि तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाले; म्हणजे नोकरी संपली, तपासणी संपली नाही. आडरस्त्याला हात करून गाडी थांबवायची, आत चढायचे आणि सगळ्या गाडीचे चेहरे एकदम प्रामाणिक होताना पाहायचे, हे सुख ज्याने उपभोगले त्याला उतारवयात हवापाण्याच्या गप्पा गोड लागत नाहीत. अंक ते टपालाने पाठवत नसत. ज्येष्ठांच्या सवलतीत एसटीने गावोगाव स्वतः नेऊन देत आणि दारात उभे राहून विचारत, "मागचा झाला का?" 'झाला' म्हणून कोणाची सुटका होत नसे. "मग कुठं चढलात अन् कुठं उतरलात, ते सांगा." म्हणजे कोणता लेख वाचला, त्याची सुरुवात काय आणि शेवट काय. उत्तर पटले, तर तिकिटाला भोक पाडायचा आपला जुना चिमटा खिशातून काढून ते मागच्या अंकाच्या कोपऱ्याला खट्कन् भोक पाडत, आणि मगच नवा अंक हातावर ठेवत. न पटले, तर नवा अंक पुन्हा पिशवीत. "अर्ध्यात उतरलात. पुढचं तिकीट कशाला?" असे म्हणून उरलेली वर्गणी सुटे पैसे करून परत. वाचकसंख्या वाढवण्याचे अनेक मार्ग आमच्या वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांत दिलेले आहेत. हा त्यांत नाही.

साहजिकच, त्यांची खाकी पिशवी गाडीतून उतरताना दिसली की वर्गणीदार घर सोडत. तळेघरला मी स्वतः त्यांच्यासोबत होतो. दारात वर्गणीदाराची पत्नी उभी राहिली आणि म्हणाली, "ह्ये न्हाईत घरी. खाचराकडं गेल्यात."

"अन् कणगीमागं पाय कुणाचे?"

बाईंनी मागे वळूनही पाहिले नाही. "ते व्हय? ते बी त्यांचंच. पण ते वाचत्यात कुठं, साहेब? तुमी मला इचारा की."

तिने मोटेच्या गाण्यांवरचा लेख पहिल्या ओळीपासून सांगितला. संपादकांनी भोक पाडले आणि वर्गणी तिच्या नावावर केली. कणगीमागून सुटकेचा सुस्कारा ऐकू आला.

या व्यवहाराचा खर्च सोसत होते मंचरचे एक शेठ. त्यांचे घराणे राजस्थानातून आलेले, पण त्याला इतक्या पिढ्या लोटल्या की शेठ भांडतातही मराठीतच. कापडाचे मोठे दुकान, देवधर्मावर श्रद्धा आणि साहित्यावर दुरून प्रेम. अंकाचा कागद त्यांचा, छपाई त्यांची. आणि दरवेळी परीक्षेत नापास होत असल्यामुळे अंक मात्र त्यांना मिळत नसे. "साहेब, माझ्या खर्चानं निघणारा अंक मला शेजाऱ्याकडून मागून आणावा लागतो," असे ते एकदा कळवळून म्हणाले. "मागून आणता, पण वाचता का?" हे त्यावरचे संपादकीय उत्तर.

अखेर शेठजींचा संयम सुटला. दिवाळीनंतर एक कागदही देणार नाही, असे त्यांनी बजावले. "विषय बदला. लोकांना पाहिजे ते छापा. खपला तर चालवू, नाही तर मिटवू." विषय बदलावा की नाही, याचे मूल्यमापन माझ्याकडे आले, कारण मी जुन्नरच्या महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. ज्याने आयुष्यात एक काडेपेटी विकली नाही तो बाजारपेठेविषयी किती आत्मविश्वासाने बोलू शकतो, याचे मी चांगले उदाहरण आहे. दुकानातल्या पांढऱ्या गादीवर बसून मी माझे निष्कर्ष मांडले. राशिभविष्य सुचवले. संपादक म्हणाले, "पुढं काय होणार हे कळलं तर माणूस पुढचं पान उलटील का?" बिबट्या विशेषांक सुचवला. "बिबट्या रोज सगळीकडं फुकट छापून येतो. त्याला आपली काय गरज?" बैलगाडा शर्यती सुचवल्या. "बैल सेकंदात पोचतो. आपला लेखक अजून ओढ्यापाशी आहे. त्याला वाईट वाटेल." शेवटी मी, घसा साफ करून, व्यक्तिविशेष अंक सुचवला: बेल्ह्याकडच्या एका उदयोन्मुख नेत्याचा, म्हणजे सगळ्यांच्या 'भाऊं'चा, वाढदिवस जवळ आला होता, आणि त्यांचे कार्यकर्ते ढिगाने अंक उचलायला तयार होते.

मला वाटले, आता चिमटा माझ्या कानाला लागणार. पण संपादक म्हणाले, "एक फेरी करून बघू. फेरी केल्याशिवाय रूट बंद करू नये, अन् चालूही करू नये. फक्त एक लेख माझा. आणि अंक वाटायची पद्धत माझी." आनंदाच्या भरात शेठजींनी आणि मी त्या शेवटच्या वाक्याकडे लक्ष दिले नाही.

अंक देखणा निघाला. मुखपृष्ठावर प्रथमच चित्र आले आणि ते भाऊंचे होते. मलपृष्ठावरही भाऊच होते, फक्त गॉगल बदललेला. अग्रलेख मी लिहिला. भाऊंना मी तोवर फक्त चौकातल्या फ्लेक्सवर, हात जोडलेल्या अवस्थेत, पाहिले होते; तरी 'दूरदृष्टी', 'झंझावात' आणि 'तळागाळातील' हे शब्द माझ्या लेखणीतून इतक्या सहज उतरले की ते तिथे आधीपासून मुक्कामाला असावेत, अशी शंका मला आज येते. संपादकांचा लेख छोटा होता. भाऊंची आई पूर्वी बेल्ह्याच्या बाजाराला एसटीने जाई. गाडीवर कंडक्टर हेच. एकदा ती पोराला आणि शेळीला घेऊन चढली. कंडक्टरने शेळीकडे दयाबुद्धीने कानाडोळा केला, तर तिने तिकीट मागून घेतले. एवढेच. आम्ही तो लेख मधल्या पानांत, जाहिरातींच्या आड, सुरक्षितपणे बसवला.

वाढदिवसाच्या दिवशी आम्ही तिघे शेठजींच्या टेंपोतून बेल्ह्याला गेलो. मांडव, डीजे, जेसीबीच्या तोंडातून फुलांचा वर्षाव, असा सगळा साधेपणा होता. अंकांचे गठ्ठे उतरले, रक्कम रोख मिळाली, शेठजींनी माझा हात दाबला. आणि संपादक व्यासपीठाच्या पायऱ्या चढू लागले.

एक कार्यकर्ता आडवा आला. "ओ आजोबा, रांगंत या. सत्कार हाय का?"

"तपासणी हाय," संपादक म्हणाले. "अंक घेतला ना? कुठं चढलात?"

"आमी? आमी हितलंच हाय. चालत आलो."

"म्हणजे विनातिकीट," असे म्हणून त्यांनी त्याच्या काखेतला गठ्ठा काढून घेतला आणि थेट भाऊंसमोर जाऊन उभे राहिले.

"या पावणं, या!" भाऊ म्हणाले.

"अंक झाला का?"

"एक नंबर झालाय, राव! पोरांनी समदा उचलला."

"वाचून झाला का?"

भाऊंचे हसू तसेच राहिले, फक्त त्यातले भाऊ निघून गेले. संपादकांनी मधले पान उघडून त्यांच्या हातात दिले. भाऊ वाचू लागले. वर कर्णा ओरडत होता, समोर लोक ओरडत होते. मध्येच ते खेकसले, "आरं, बंद करा ते जरा!" डीजे थांबला. त्या शांततेत भाऊंनी बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली.

"ती शेळी माझ्या मांडीवं व्हती," ते हळूच म्हणाले. "मुतली व्हती माझ्या चड्डीवं. आई लई हसली."

"मग आई कंडक्टरला काय म्हणाली?"

भाऊंनी पानाकडे पाहिले नाही. "'जीव हाय, जागा आडवतोय. फाड तिकीट.'" मग डोळे पुसत म्हणाले, "हे कुणाला ठावं व्हतं, राव? मीच इसरलो व्हतो."

चिमटा खट्कन् वाजला.

"पुढचा अंक बी मी हजार घेतो!" भाऊ भारावून म्हणाले.

"एक घ्या. तो वाचलात, तर पुढचा."

उरलेले सगळे गठ्ठे आम्ही टेंपोत परत भरले, कारण मांडवात दुसरे कोणी पास झाले नव्हते. शेठजींच्या खिशातली रक्कम ज्याची त्याला गेली. ती देताना शेठजींचा चेहरा पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

"मग खप किती झाला?" शेठजींनी परतीच्या वाटेवर विचारले.

"एक," संपादक समाधानाने म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही तुमचा अग्रलेख वाचलात का?"

"मीच तर लिहिला."

"ते मला माहीत आहे. वाचलात का?"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. बाजूला शेठजी गठ्ठ्यातून एक अंक ओढून, हेलकावे खात, मधले पान वाचत होते. ओझरला देवळाच्या कमानीपाशी संपादक उतरले, तसे शेठजीही उतरले. "साहेब, मला विचारा."

"काय विचारू?"

"शेळीचं."

शेठजींनी चढण्यापासून उतरण्यापर्यंत सगळे सांगितले, आईचे वाक्य तर जसेच्या तसे. आयुष्यातले पहिले भोक त्यांनी तळहातावर अंक ठेवून पाडून घेतले. टेंपोत परत बसल्यावर ते कोणाकडेही न पाहता म्हणाले, "विषय बदलायचा नाही." दिवाळीनंतर अंक निघाला, पाने कमी, मुखपृष्ठ कोरे, लेखक ओढ्यापाशी. माझे मूल्यमापन शेठजींनी मला मागितले नाही आणि मीही दिले नाही.

आता संपादकांच्या डोळ्यांनी दगा दिला आहे. शस्त्रक्रिया होऊनही अक्षर दिसत नाही, फिरणे बंद झाले. अंक शेठजींच्या दुकानातून टपालाने जातो. आणि खप वाढला आहे, चांगलाच वाढला आहे. कोणी काही विचारत नाही म्हटल्यावर वर्गणी भरायला लोक मागेपुढे पाहत नाहीत. वाणिज्याच्या दृष्टीने उत्तर इतके सोपे होते. माझ्या टेबलावरही अंक येतात आणि वेष्टणातच राहतात. परवा त्यातला वरचा अंक घेऊन मी ओझरला गेलो. काळा चष्मा लावून ते ओट्यावर बसले होते. मी अंक त्यांच्या हातात ठेवला.

"झाला का?" त्यांनी विचारले. हात खिशाकडे गेला होता.

मला 'झाला' म्हणता आले असते. त्यांना वेष्टण दिसत नव्हते. पण त्यांची बोटे त्यावरून फिरत होती.

"चढलोच नाही, साहेब," मी म्हणालो.

ते हसले. वेष्टण त्यांनीच फाडले. "मग बसा. इथूनच चढा. मोठ्यानं."

मी पाऊलवाटांचा लेख वाचू लागलो. लेखकाने ओढ्यात एक पाय घातला होता. संपादकांनी अंकाचा कोपरा दोन बोटांत धरून ठेवला होता आणि दुसऱ्या हातात चिमटा उघडा होता. मी मुद्दाम सावकाश वाचत होतो.