वहिनीची हलकी काठी

माझी वहिनी शाळेची बस चालवायची. मागे अख्खी बस किंचाळत असली तरी हिचे हात स्टिअरिंगवर शांत. दटावायची वेळ आलीच तर ती फक्त आरशात बघायची, की सगळे चिडीचूप. तोच कटाक्ष घरी माझ्या थोरल्या भावाच्याही वाट्याला यायचा, पण दादावर त्याचा काही उपयोग नसे. तो काचेच्या दुकानात कामाला होता. खिडक्यांच्या काचा कापायच्या, लोकांकडे नेऊन बसवायच्या. आरशांना तो काय भिणार!

दादाला वेड एकच, गळ टाकून मासे पकडायचं. तेही कुठलेही नाहीत, बासच. बास म्हणजे मोठ्या जबड्याचा, तापट मासा. राहतो नेमका अडचणीत, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत, पाणवेलींच्या सावलीत. त्याला तिथून ओढून काढायचं तर काठी ताठ हवी, दोरी जाड हवी आणि मनगटात जोर हवा, असं दादाचं ठाम मत. त्याची काठी होतीही तशीच, खांबासारखी. रविवार उजाडला की स्वारी शहराबाहेरच्या तलावावर. वहिनीला त्यात काडीचा रस नव्हता. "तुम्हाला तिथे शांतता मिळते, मला इथे," म्हणायची.

मग एका घरी काच बसवताना दादा शिडीवरून पडला. काच वाचली, खांदा मोडला. हाड जुळलं, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. दुकानाच्या मालकाने त्याला गल्ल्यावर बसवलं. पुढे एका रविवारी तो एकटाच तलावावर गेला आणि जेमतेम पोहोचला असेल नसेल तोच परत आला. काठी माळ्यावर टाकली. काय झालं ते ना त्याने सांगितलं, ना आम्ही विचारलं.

त्यानंतर त्याचा राग नाकावरच असायचा. चहा गार का, पेपरची घडी कोणी मोडली, वरच्या मजल्यावर माझा रेडिओ एवढा मोठा कशाला. वहिनीने बरंच सोसलं. आणि एका रविवारी स्टूल लावून तिने ती काठी खाली काढली.

"भावोजी, गाडी काढा. तलावावर जायचंय."

"तुला काय कळतं त्यातलं?" दादा खुर्चीतून गुरगुरला.

"काही नाही कळत. इतकी वर्षं नवरा दर रविवारी जायचा कुठे, ते एकदा बघून तरी येते."

तलावावर तिने काठी डोक्यावरून नेऊन दणकन फिरवली. गळ पाण्यात गेलाच नाही. काठीवरचं रीळ घर्रकन फिरलं आणि सगळी दोरी त्याच्यावरच पिंजारून बसली. मी सोडवायला गेलो तर गुंता आणखी घट्ट झाला. शेवटी आम्ही तसेच घरी आलो आणि वहिनीने ते सगळं दादाच्या मांडीवर ठेवलं.

"अंगठा कुठे होता?" दादाने विचारलं.

"कुठे म्हणजे? हातालाच होता!"

दादा हसला. पडल्यापासून पहिल्यांदाच असा खदखदून हसला.

"अगं, हे आडवं रीळ. फेकल्यावर याचं चाक दोरीपेक्षा जोरात धावतं. अंगठ्याने हलकेच दाबून ते आवरायचं असतं."

"म्हणजे ब्रेक. मग सरळ ब्रेक म्हणा ना."

वहिनीची क्रोशाची सुई घेऊन दादा डाव्या हाताने गुंता सोडवत बसला. मोकळी झालेली दोरी त्याने बोटांतून ओढून पाहिली. ती खरखरीत झाली होती आणि स्प्रिंगसारखी वेटोळी धरून बसली होती. त्याने झटका दिला, तटकन तुटली. "मेलीय ही," तो म्हणाला, "नवी आणायला हवी." मग काठी हाताने तोलून, "आणि तुला ही काठी झेपायची नाही. तुझी वेगळी घेऊ."

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात त्यांचं वाजलंच. दादाने ताठ काठ्या पुढे केल्या. वहिनी एकेक हातात घ्यायची, मनगट हलवून बघायची आणि परत ठेवायची. शेवटी तिने एक हलकी काठी उचलली. टोकाला लवचिक, मुठीकडे घट्ट. टोक छताला टेकवून तिने ती जराशी वाकवली.

"ही."

"मोडेल ती!"

"हात माझा आहे ना? या काठीने दिवसभर दुखणार नाही."

रिळाच्या बाबतीत मात्र तिने दादाचं ऐकलं. काठीच्या खाली लटकणारं, नवख्या हातालाही गुंता न करणारं साधं रीळ घेतलं. दोरीही बारीक घेतली.

शिकवणी बसडेपोत सुरू झाली. गळाच्या जागी शिशाचा गोळा बांधायचा आणि लांब ठेवलेल्या बादलीत टाकायचा. दादा पायरीवर बसून सूचना द्यायचा आणि बाकीचे ड्रायव्हर विचारायचे, "बाई, बादलीत मासे आहेत का?" वहिनी गोळा परत ओढून पुन्हा फेकायची. बादलीतून ठण्ण आवाज येऊ लागला तसे ते विचारायचे थांबले.

मला वाटायचं, दादाचं मन रमावं म्हणून हा सगळा खटाटोप चाललाय. एकदा तिला तसं म्हणालो.

"सुरुवातीला असेल," ती म्हणाली. "आता नाही. परवा सिग्नलला बस उभी होती आणि मी झाडं बघून वारा कुठला ते ठरवत होते. मागच्या गाड्यांनी हॉर्न दिला तेव्हा भानावर आले."

तलावावर पहिला मोठा मासा लागला आणि दोरी तोडून गेला. दादाने घरी येऊन काठीवरच्या, दोरी जिथून धावते त्या कड्यांतून कापूस फिरवला. टोकाच्या कडीत कापसाचे तंतू अडकले. कडीला बारीक चीर होती, तीच दोरी कापत होती. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. काठी कुठे आपटली होती कोण जाणे. दादाने कडी बदलली. वहिनीने मग काठीला कापडी पिशवी शिवली आणि बसमधल्या मुलांवर ठेवायची तशी नजर तिच्यावर ठेवू लागली.

आणि मग तो दिवस आला. आभाळ भरलेलं, पाणी स्थिर. बुडालेल्या एका झाडाजवळ वहिनीने गळाला आमिष म्हणून लावलेला रबरी किडा टाकला. दोरी जराशी सरकली. तिने झटका दिला आणि काठी कमानीसारखी वाकली.

"रिळाची कळ ढिली कर!" दादा ओरडला. "ओढू दे त्याला! दोरी सुटू दे!"

तिने कळ फिरवली. रीळ कुरकुरत दोरी सोडू लागलं. मासा दमला की ती गुंडाळायची, तो उसळला की सोडायची. असं करत करत मासा काठापाशी आला, पण तिथे निसरडा चिखल होता. हातात काठी घेऊन उतरली असती तर वहिनी आडवीच झाली असती.

"धरा," असं म्हणून तिने काठी सरळ दादाकडे दिली.

दादाने ती डाव्या हाताने घेतली. तेवढ्यात माशाने पुन्हा मुसंडी मारली. दादाने कोपर बरगडीला टेकवलं आणि काठी वाकू दिली. मासा जेवढा जोर लावेल तेवढी ती वाकत होती, दादाच्या हाताला फारसं काही करावंच लागत नव्हतं. वहिनी गुडघाभर पाण्यात शिरली, माशाचा खालचा जबडा अंगठ्याने धरला आणि त्याला वर उचललं. हिरवट पाठीचा, चांगला दणदणीत बास. तिने आम्हाला दाखवला आणि हळूच पाण्यात सोडून दिला.

दादा मात्र माशाकडे बघतच नव्हता. तो रिळाकडे बघत होता.

"याचा फिरवायचा दांडा काढून दुसऱ्या बाजूला लावता येतो," तो स्वतःशीच म्हणाला. "काठी डाव्या हातात धरायची. उजव्याने कमरेजवळ नुसतं फिरवायचं. खांद्याचा प्रश्नच येत नाही."

"मग फेकणार कसं?" मी विचारलं.

"डाव्याने. खालून, बाजूने." त्याने डाव्या हातातली काठी बाजूने हलवून दाखवली. "त्या रविवारी एकटा आलो होतो ना, ती जड काठी डाव्या हाताने उचलतानाच माझी दमछाक झाली. मला वाटलं, संपलं आपलं."

वहिनी ओल्या साडीचा पदर पिळत उभी राहिली. मग तिने त्याच्या हातातून काठी काढून घेतली.

"लावा की दांडा कुठे लावायचा तिथे. पण तुमच्या काठीला. ही माझी आहे."

दादाने पुढच्याच आठवड्यात हलकी काठी आणली. त्याचा उजवा हात अजूनही वर जात नाही, त्यामुळे त्याचा गळ जवळच पडतो. वहिनीचा पार पाणवेलींच्या पलीकडे जातो. मासेही तिलाच जास्त लागतात आणि दादा म्हणतो की वारा तिच्या बाजूचा होता. घरी आल्यावर दोन्ही काठ्या ओल्या फडक्याने पुसणं, रिळांना तेलाचा थेंब देणं, कळ ढिली करून ठेवणं ही कामं दादाची. वहिनीने केली तर तो पुन्हा करतो.

गेल्या रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. पाणी गढूळ होतं. रबरी किडा काळा लावायचा की जांभळा यावर दोघांचं जुंपलं होतं. मी थर्मास उघडून मागे दगडावर बसलो. थोड्या वेळाने भांडण थांबलं. दोघं एकमेकांपासून जरा अंतर ठेवून पाण्याकडे तोंड करून उभी राहिली, तिची दोरी लांब गेलेली, त्याची जवळ. चहा ओतू का, असं मी विचारलं, तर दोघांनीही मागे न बघता हाताने मला गप्प केलं.