कशावरही जाणारा कोट

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी इस्त्रीवाल्याच्या गाड्यापाशी उभा होतो. हातात धुतलेल्या शर्टांचं गाठोडं होतं. पलीकडून त्याचा मुलगा नितीन बोलत होता, "काका, बाबा गेले..." सकाळी अंघोळ करून, कपडे घालून दत्ता कामावर निघायच्या तयारीत होता, तेवढ्यात छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. फोन ठेवला तसं इस्त्रीवाल्याने विचारलं, "किती आहेत?" मला मोजता येईना. अशा वेळी माणसाला काय सुचावं याला नियम नसतो. मला सुचलं ते एवढंच, की हे गाठोडं पाहून दत्ता म्हणाला असता, "बापू, इतके शर्ट? पाठी किती हायेत तुला?"

आमची ओळख १९८१ची. मी जालन्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो होतो आणि तो एका बियाणे कंपनीत. मस्तगडला एका खोलीत आम्ही दोघं भाड्याने राहायचो. खोलीत दोन खाटा आणि कपडे टाकायला एक दोरी. माझ्या बाजूने दोरी इतकी वाकायची की दत्ताचे कपडे घसरत माझ्याकडे यायचे. तो काळ टेरिकॉटचा. इस्त्री मोडत नाही, रंग जात नाही आणि उन्हाळ्यात अंगाची भाजी होते, असं ते कापड. मी मोठ्या हौसेने चकाकणारे शर्ट आणि पायघोळ बेलबॉटम शिवून घेतले होते. दत्ता मात्र दुकानात जाऊन जाडं सुती ड्रिल मागायचा. दुकानदार विचारायचा, "शाळेच्या गणवेशाला पाहिजे का?"

पहिल्या दिवाळीत त्याने नवा तयार शर्ट आणला तेव्हाची गोष्ट. आपल्या तिन्ही पँटी त्याने खाटेवर पसरल्या आणि नवा शर्ट एकेकीवर ठेवून लांबून पाहू लागला. राखाडीवर चालला, बदामीवर चालला, गडद निळीवर अडला. शर्ट घडी करून दुकानात परत. मी म्हणालो, "अरे, दोन पँटींवर जातो ना?" तर म्हणे, "मंग तिसरीनं काय पाप केलं?" कशावरही जातो का, ही त्याची एकमेव परीक्षा होती. तीत नापास झालेलं काहीही त्याच्या अंगावर आलं नाही. अंधारात हात घालावा, येईल ते घालावं आणि निघावं, अशी त्याची व्यवस्था होती. जुनं एक गेल्याशिवाय नवं एक यायचं नाही.

मला सुरुवातीला हा कंजूषपणा वाटला, मग तत्त्वज्ञान वाटलं. दोन्ही अंदाज चुकीचे होते. पुस्तकात राहणाऱ्या माणसाला साध्या गोष्टीमागे तत्त्वज्ञान दिसण्याची खोड असते. कारण त्याच्या कामात होतं. सकाळी जीपमध्ये कोंबून घेऊन घनसावंगीकडे जायचं, कापसाच्या बीजोत्पादनाचे प्लॉट पाहायचे, दुपारी ऑफिसात साहेबांपुढे बसायचं आणि संध्याकाळी त्याच प्लॉटवाल्या शेतकऱ्याच्या पुतण्याच्या साखरपुड्याला हजर व्हायचं. मधे कपडे बदलायला जागा कुठली? एकदा तो म्हणाला, "भारी कपडे पाहून शेतकरी लांबून बोलतो. फाटके पाहून बोलतच न्हाई. आपल्याला बांधावर बसायचंय, बापू." म्हणून माती लागली तरी न दिसणारे रंग, बसता-उठता न उसवणारी शिवण आणि वही आणि कपाशीची फुलं उघडून पाहायचा चिमटा मावेल असा खिसा.

हे सगळं शिवायचे रशीदभाई. मस्तगडच्या उतारावर त्यांचं दुकान होतं. दत्ता त्यांच्याकडून शिलाईत आत भरपूर कापड सोडून घ्यायचा, म्हणजे पोट सुटलं की पँट सुटेल. कॉलर घासली की ती उसवून, उलटी करून पुन्हा लावून घ्यायचा. रशीदभाई वैतागायचे. "दत्तासाब, इत्ती मेहनत में तो नवा शर्ट हो जाता." "नवा शर्ट व्हायला काय लागतं, भाई? जुना टिकवा बरं." मग दोघं चहा मागवायचे आणि एका कॉलरीवर अर्धा तास चर्चा चालायची. विद्यापीठातली अनेक चर्चासत्रं मी पाहिली आहेत. त्यांत इतका मुद्द्याला धरून वाद क्वचितच ऐकला.

दत्ताचं लग्न झालं आणि या व्यवस्थेला शोभावहिनींनी सुरुंग लावायचा प्रयत्न सुरू केला. त्यांची बाजूही खोटी नव्हती. घरातला अल्बम पाहावा. लेक वर्षा रांगते, शाळेत जाते, साडी नेसते. नितीनला मिशा फुटतात. वहिनींचे केस पिकतात... आणि प्रत्येक फोटोत दत्ता त्याच राखाडी शर्टात. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, लोकाला वाटंल एका दिवसात सगळे फोटो काढले." त्यांचं खरं दुखणं माहेरचं होतं. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादासाहेब म्हणत, घनसावंगीकडचे मोठे ऊसवाले. पांढरीशुभ्र सफारी, बोटांत अंगठ्या, आणि घरात शिरताना अशी चाल, जणू मागून बँड येतो आहे. आपला नवरा माहेरच्या नजरेत गरीब दिसतो, हे वहिनींना सहन होत नसे.

त्यात दादासाहेबांच्या वास्तुशांतीला तो प्रकार घडला. आपल्याकडे आहेरात मिळालेले पँटपीस-शर्टपीस कोणी शिवत नाही, हे काही लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. ते ट्रंकेत जातात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या हातात पडतात. दत्ताला वहिनींच्या ट्रंकेत एक बदामी तुकडा सापडला. जाडसर, सुती, बिनचमकेचा. तिन्ही पँटींवर गेला! त्याने तो शिवला आणि तोच घालून वास्तुशांतीला आला. मी पंगतीत शेजारीच होतो. आधी दादासाहेबांनी निरखून पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, हे कापड तर आम्ही आमच्या नंदूच्या लग्नात तुम्हाला दिल्तं." लगेच पलीकडून त्यांचे साडू म्हणाले, "दिल्तं कसं? ते तर आम्ही तुम्हाला आणल्तं!" वाढायला आलेली वहिनींची आत्या जिलबीचं ताट धरून तिथेच थांबली. तिचाही दावा होता. दत्ता शांतपणे म्हणाला, "मंग लईच फिरलं बिचारं. आता बसू द्या त्याला." अख्खी पंगत हसली. फक्त शोभावहिनी उठून आत गेल्या.

परतीच्या जीपमध्ये त्या घनसावंगीपासून अंबडपर्यंत बोलल्या नाहीत. नंतर एवढंच म्हणाल्या, "वर्षाच्या लग्नात तुम्ही सूट घालायचा. माझ्या भावासमोर. एकदाच. जिंदगीत दुसरं काही मागत न्हाई." दत्ताने खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाला, "बराबर हाय. घालतो. पण कापड मी पाहणार."

वर्षाचं लग्न पुढे काही वर्षांनी झालं. दत्ताने शब्द पाळला. रशीदभाईंनी आयुष्यात शिवलेले कोट मोजकेच, त्यामुळे त्यांनी आधी देवाचं नाव घेतलं. कापड राखाडी, जाड, बिनचमकेचं. मांडवात दादासाहेब जरीच्या शेरवानीत घामाघूम होऊन उभे होते. त्यांच्याशेजारी दत्ता त्या कोटात असा दिसत होता, जणू तो जन्मापासून त्यातच होता. वहिनी त्याच्याकडे पाहायच्या, मग भावाकडे पाहायच्या, मग पुन्हा त्याच्याकडे. लेकीच्या लग्नात आईला रडायला वेळ मिळत नाही म्हणतात. त्यांना त्या दिवशी हसू आवरायला वेळ मिळत नव्हता.

हे सुख टिकलं थंडी पडेपर्यंत. एका सकाळी दत्ता तोच कोट निळ्या शर्टावर चढवून, मोटारसायकलला किक मारून कापसात निघून गेला. मला दुपारी फोन. "भाऊजी, सुटाचा कोट घालून प्लॉटवर गेले! कापूस चिकटवून घरी येतील आता!" मी संध्याकाळी गेलो तर घरात अबोला. दत्ता अंगणात बाहीवरचे कापसाचे तंतू वेचत होता. "अगं, कोट काय देवघरात ठेवायचा? तुझ्या भावासमोर घातला की. आता माझ्यासाठी घालून राह्यलो." आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. "चार वेळेस पाहिला मी लावून," तो मला हळूच म्हणाला, "कशावरबी जातो रे हा!" पुढे चार हिवाळे तो कोट शेतात, ऑफिसात, बारशाला आणि बाजारात गेला. कोपरांना रशीदभाईंनी ठिगळं लावली. वहिनींनी त्याला कधी हात लावला नाही. धुवायलाही नाही.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. चौदावा होऊन महिना उलटला होता. बाहेरच्या खोलीत नितीनला दुखवट्यात आलेल्या पँटपीस-शर्टपीसांची चळत टेबलावर तशीच होती, प्लास्टिकच्या पिशव्यांसकट. दत्ता असता तर त्याने सगळे उलगडून खाटेवर पसरले असते... सकाळची वेळ, कडाक्याची थंडी. मागच्या दाराने शोभावहिनी पाण्याची बादली घेऊन आल्या. सुती साडी आणि तिच्यावर तो राखाडी कोट. मला पाहून त्या थबकल्या.

"हसू नका, भाऊजी."

"हसत नाही मी."

त्या बादली ठेवून उंबऱ्यावर बसल्या. म्हणाल्या, "परवा दादा आल्ता. मला म्हणे, शोभे, काय अवतार करून राह्यली, लोक काय म्हणतील? गाडीतून शाल आणून दिली नवी. लई भारी, जरीकाठाची."

"मग?"

"मंग काय. म्या म्हणलं, दादा, ती घेऊन जा. ती कशावरच जात न्हाई."

मग त्या चहा ठेवायला उठल्या. कोट त्यांना मोठा होतो. बाह्या बोटांवर येतात. स्टोव्हपाशी जाताना त्यांनी दोन्ही बाह्यांना एकेक दुमड घातली, आतल्या बाजूने, कोपराचं ठिगळ न ताणता... दत्ता चहा करताना अगदी तशीच घालायचा.