सरकारने पवित्र केलेली विहीर

हळ्ळीखेडचे शरणप्पा पाटील कचेरीत आले ते थेट माझ्या टेबलापाशी. गावाची जुनी विहीर आटली होती. नवी खोदताना काळा दगड लागला, म्हणून त्यांनी सुरुंगाची परवानगी मागितली होती. हुकूम कधीच गेला होता. तरी काम बंद. का, ते मी विचारलं.

"देवाच्या जागेला सुरुंग कसा लावावा, मुन्शीजी? सरकारनं विहीर पवित्र केली म्हून तुमीच लिवलाव न्हाई का?"

लिहिलं होतं खरं. हुमनाबादच्या निजामी तहसील कचेरीत मी नवाच मुतर्जिम होतो, म्हणजे इंग्रजी कागदांचा तर्जुमा, भाषांतर करणारा. गोऱ्या इंजिनिअरचा हुकूम होता, 'हळ्ळीखेडची विहीर सँक्शन्ड.' शब्द मला नवा. पण माझ्याकडे पद्धत होती. इंग्रजी शब्द मी घराणी लावून पाठ करायचो. लॅटिन 'सँक्टस' म्हणजे पवित्र. त्याची लेकरं सेंट, सँक्टिटी, सँक्च्युअरी. सँक्शनचा चेहरा घराण्याशी जुळत होता. मी त्याला पंक्तीत बसवला.

तहसीलदारसाहेबांनी कागद मागवला, वाचला, चष्मा काढला. "मुन्शी, सरकार बावडी कू पाक कब से करने लगी?"

मी मूळ समजावून सांगितलं. मूळ बरोबरच होतं. सँक्शन म्हणजे आधी धर्माचा शिक्का मारून पक्की केलेली गोष्ट, त्यावरून पुढे नुसती मान्यता, हे मला नंतर कळलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. बायका दोन कोसांवरून पाणी आणतायत, त्यांना हे तू जाऊन सांगतोस का, एवढंच विचारलं. मग नवा कागद लिहायला लावला. त्यात कामाचा शब्द एकच: मंजूर.

पाटलांनी तो माझ्याकडून वाचून घेतला. "मंजूर म्हणायचं होतं व्हय? हे तर आमच्या म्हशीला बी कळतंय. पवित्र कामून लिवलाव?"

जुना कागद मात्र ते परत देईनात. मठातल्या स्वामींनी त्याला विभूती लावली होती. सरकारनं पवित्र केलेलं कचेरीनं बाटवायचं का, असा गावाचा सवाल. शेवटी दोन्ही कागद कायम राहिले. विहिरीची पूजा झाली, तिची माफी मागून झाली, मग सुरुंग उडाला. पाणी लागलं, तेही गोड.

तेव्हापासून मी आधी अर्थ विचारतो, मूळ नंतर शोधतो. त्या विहिरीवर अजूनही कोणी चप्पल घालून चढत नाही. कामानिमित्त गेलो की मलाही काढावी लागते. दुपारी तिथला दगड चांगलाच भाजतो. पण हुकूम सरकारी आहे आणि तर्जुमा माझा.