‘स्टेबल’खालची लाल रेघ

वलगावच्या वैशालीताईंना गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी अमरावतीतल्या एका खासगी दवाखान्याने कामावरून काढलं. त्या तिथे डिस्चार्ज पेपर टाइप करायच्या. तेल्हाऱ्याच्या एका आजोबांना ‘स्टेबल’ लिहून घरी पाठवलं, आणि ते वाटेत गाडीतच गेले. दवाखाना म्हणतो, टायपिस्टने जुन्याच पेशंटच्या फाइलवर नवं नाव टाकलं, शेवटची ‘स्टेबल’ची ओळ बदलायची विसरली. ताई म्हणतात, ओळ डॉक्टरांनीच सांगितली, मी दोनदा विचारलं. साक्षीला कोणी नाही.

करणी, भानामती असल्या थोतांडाविरुद्ध मी कॉलेजपासून पत्रकं वाटतोय. त्यामुळे पुढचं लिहायचा मलाच संकोच वाटतो... तरी लिहितो.

ताईंची दवाखान्याविरुद्धची तक्रार आम्ही अकोल्यात, आमच्या अंधश्रद्धाविरोधी संघटनेच्या खोलीत टाइप करत होतो. भर दुपारी. सोबत आजोबांचा पेपर जोडायचा होता. झेरॉक्स पुसट, म्हणून ताईंनी तो नव्याने टाइप केला. औषधं, आजार — सगळ्यांखाली स्पेलिंग चुकल्याच्या लाल रेघा.

“तुह्या कॉम्प्युटरले बीपी-शुगरच्या पुढं काही समजतच नाही गा,” ताई म्हणाल्या. “माह्या पेनड्राइव्हमधली मेडिकल डिक्शनरी टाक.”

टाकली. रेघा गेल्या. एक नवीन उमटली — ‘स्टेबल’खाली.

“स्पेलिंग चुकलं का माह्यं?”

नव्हतं चुकलं. मी पुसून पुन्हा टाइप केलं, तरी रेघ. पेनड्राइव्हमधल्या दुसऱ्या पेशंटच्या पेपरात तोच शब्द टाकला... स्वच्छ. आजोबांच्या पेपरात परत रेघ. डिक्शनरी काढली, तर औषधांखाली रेघा आल्या आणि ‘स्टेबल’खालची गेली.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मित्राला बोलावलं. “डिक्शनरी शब्द वाढवते बे. चांगल्या शब्दाले चूक कायले म्हणीन?” तासभर खटपट केली, चहा पिऊन गेला.

ताईंनी पेनड्राइव्ह काढून घेतला. मग म्हणाल्या, “हे तक्रारीत लिवशीन?”

“हसतील, ताई.”

“मंग काय फायदा. चाल, पुढचं पान घे.”

कारण मला आजही सापडलेलं नाही, आणि शोधत बसायची ताकद उरलेली नाही. पण आजोबांना गाडीकडे नेताना त्या वॉर्डात इतर पेशंटचे नातेवाईक उभे होते. सगळ्यांनी बघितलं, आणि एकही बोलत नाही. तुम्ही त्यांच्यातले असाल, तर त्या वेळी आजोबा कसे होते ते दोन ओळींत लिहा, खाली सही करा, आणि वलगावला वैशालीताईंच्या हातात द्या.