अंटार्क्टिका, म्हादू आणि एक नारळ

परवा मालवणात सायबर कॅफेत बसलो होतो. बाहेर मरणाचं ऊन, आत पंखा बंद... आणि स्क्रीनवर म्हादू. मागे बर्फाचे डोंगर, बाजूला दोन पेंग्विन, मध्ये हा बत्तीशी दाखवत उभा. खाली त्रेसष्ट लाइक.

खरं सांगतो, जळलो. लपवून काय उपयोग... त्याच बोटीवर मीही होतो, आणि तो फोटो माझा असायला हवा होता.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अंटार्क्टिकाला टुरिस्ट नेणारी बोट. मी लॉन्ड्रीत, म्हादू किचनमध्ये बटाटे सोलायला. केबिन एकच, वरचा बंक त्याचा, खालचा माझा.

मी तोंडवलीचा, चार पिढ्या मासेमारीवर जगलेल्या घरातला. म्हादू वैभववाडीचा, घरी भात आणि काजू. विसाव्या वर्षापर्यंत या माणसाने समुद्र पाहिला नव्हता.

घरून निघताना बाबांनी स्वतःची माकडटोपी माझ्या बॅगेत कोंबली. आईने विणलेली, हिरवी, गोंडा मात्र पिवळा, कारण हिरवी लोकर संपली होती. बाबा म्हणाले, आम्ही जन्मभर बर्फ बघितला तो पेटीत सुरमईवर घालायचा... तू त्याच्यावर उभा राहा आणि मला फोटो आणून दाखव. मी मोठ्या तोंडाने हो म्हटलं.

बोट सुटल्यावर मी म्हादूला दोन दिवस शिकवत होतो. लाट आली की गुडघे सैल सोड, खिशात लिंबू ठेव, घाबरू नकोस, मी आहे. तो बिचारा मान डोलवायचा.

मग ड्रेक पॅसेज लागला, अंटार्क्टिकाच्या वाटेवरचा सगळ्यात खवळलेला समुद्र. काय सांगू... बोट एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर. किचनमध्ये ताटांचा पहिला ढीग कोसळला आणि मी आडवा झालो.

आमच्या होडीत डोक्यावर आभाळ तरी असतं. लॉन्ड्री बोटीच्या पोटात... खिडकी नाही, साबणाची गरम वाफ, आणि ड्रायरमध्ये फिरणारे टॉवेल. चार पिढ्यांची अब्रू मी बादलीत ओकलो.

आणि म्हादू? पठ्ठ्या चार चार अंडी खात होता. स्वतःची ड्युटी संपवून माझ्या टॉवेलांच्याही घड्या करून यायचा. त्याचं ते निरोगी तोंड बघून मला आणखी मळमळायचं.

दुसऱ्या दिवशी मला आठवलं. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला मी घरी नव्हतो, दर्याला नारळ द्यायचा राहिला होता. हे त्याचंच! मी म्हादूच्या हातापाया पडलो, किचनमधला एक नारळ घे आणि दर्यात सोड. तो गेला, अर्ध्या तासाने आला आणि म्हणाला, "झाला काम. आता नीज."

सकाळी समुद्र ताटासारखा सपाट. माझा नारळ पावला!

त्यात बातमी आली की स्टाफमधल्या चौघांना बर्फावर उतरवणार, बाकीच्यांना दुसऱ्या फेरीत. वादळात जे उभे राहून काम करत होते त्यांची नावं पहिली. म्हादूचं होतं. माझं नव्हतं.

दर्या शांत केला माझ्या नारळाने आणि बर्फावर जाणार हा काजूवाला... माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारी वारा पुन्हा उठला आणि दुसरी फेरी रद्द झाली. मी अंटार्क्टिका पाहिलं ते डायनिंग हॉलच्या काचेतून, हातात धुतलेल्या नॅपकिनांची चळत घेऊन.

त्यानंतर मी म्हादूशी बोललो नाही. कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर नंबरही बदलला. घरी येऊन बाबांना सांगितलं, उतरलो होतो पण कॅमेरा बिघडला. बाबा होय म्हणाले आणि जाळं शिवायला बसले. पुन्हा कधी विषय काढला नाही, तेच जास्त लागलं.

तर परवा... तो फोटो बंदच करणार होतो. तेवढ्यात त्याच्या डोक्याकडे लक्ष गेलं. हिरवी टोपी. पिवळा गोंडा.

चोर लेकाचा! खाली त्याने स्वतःचा नंबर दिला होता, तो तिथूनच फिरवला. तीन वर्षांचं सगळं एका दमात ऐकवलं... माझा नारळ, माझी जागा आणि वर माझीच टोपी.

म्हादूने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, वादळात डेकची दारं बंद होती, आणि उघडी असती तरी त्या समुद्रात संत्र्याची सालसुद्धा टाकायला बंदी. "नारळ रश्श्यात गेलो. दुसऱ्या दिवशी तू दोनदा मागून खाल्लंस."

गावभर सांगत फिरलोय हो मी त्या नारळाचं...

टोपीचं विचारलं तर हळूच म्हणाला, "तुका उतरूक गावला नाय. म्हटलंय, टोपी तरी जाऊंदे. तुझो बापूस ओळखतलो." फोटो काढून झाल्यावर टोपी त्याने गुपचूप माझ्या बॅगेत परत ठेवली होती. कॅमेरा दुसऱ्या एका कुकचा होता, फोटो आत्ता कुठे हाती लागला. मला द्यायचा तर माझा नंबर नव्हता... म्हणून इथे लावला.

फोटोची प्रिंट काढली आणि घरी आलो. बाबांच्या हातात दिली आणि आधी खरं सांगून टाकलं, की मी उतरलोच नव्हतो, हा म्हादू. बाबांनी पेंग्विनकडे बघितलं नाही, म्हादूकडेही नाही. गोंड्यावर बोट ठेवलं.

"टोपी माझीच आसा," म्हणाले. "म्हणजे मी जावन इलंय."

काल दिवसभर ती माकडटोपी घालून बाबा किनाऱ्यावर फिरत होते. या उन्हात. भेटेल त्याला सांगत होते, ही खंय जावन इली ती इचार.

म्हादू, थँक्यू रे. तुझ्यावर जळणं कालपासून बंद केलंय... आता त्या टोपीवर जळतो.