नव्या बेल्टांचं प्लास्टिक फाडणारे सोनवणे सर

सोनवणे सर आज पहाटे गेले. घरी, अंथरुणात, झोपेत.

आयुष्यभर माणसांना उंचावर चढवून सुखरूप खाली उतरवणाऱ्या माणसाला असंच मरण यायला हवं होतं.

रडकी पोस्ट टाकत नाहीये. सरांना रडकी पोरं आवडायची नाहीत. आणि त्यांची गोष्ट सांगायला लागलो की मला अजूनही स्फुरण चढतं, त्याला मी काय करू?

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन. उंचावर काम करायला कंपनीने पहिल्यांदाच ते फुल बॉडी बेल्ट मागवले. खांद्यावरून पट्टे, मांड्यांतून पट्टे, पाठीवर कडी. एकदम भारी.

आम्ही काय केलं? जपून ठेवले.

अहो, नवी वस्तू. लगेच कशाला मळवायची? घरी सोफ्याचं प्लास्टिक वर्षभर न काढणारी माणसं आम्ही. स्टोअरचे जाधवमामा म्हणायचे, "व्हिजिटला कोणी आलं की घाला रे." एरवी चढताना तोच जुना कमरेचा पट्टा. कधी तोही नाही.

खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारांची पूजा मांडली. पकडी, टेस्टर, ड्रिल मशीन, आणि मधोमध ते बेल्ट. प्लास्टिकसकट. वर झेंडूच्या माळा.

नेमके त्याच दिवशी सोनवणे सर सेफ्टीचं ट्रेनिंग द्यायला आले. बाहेरचे ट्रेनर. धिप्पाड माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि आवाज असा की चालू कॉम्प्रेसरशेजारीही माईक लागायचा नाही.

बूट काढून सरांनी मनापासून नमस्कार केला. पेढा खाल्ला. मग म्हणाले, "ब्लेड आहे का कोणाकडे?"

आणि टराटरा प्लास्टिक फाडलं.

मामा हबकलेच. "सर, पूजेतलं आहे ते. आज हात लावत नाहीत."

"मामा, पूजा कशासाठी करता?"

"हत्याराने दगा देऊ नये म्हणून."

"मग त्याला कामाला तर लावा. कपाटात बसून ते काय करणार?"

बोलता बोलता सरांनी बेल्ट चढवला, हूक शेडच्या तुळईला अडकवला आणि सरळ पाय सोडून दिले. एवढा मोठा माणूस हवेत लटकतोय आणि लटकत लटकत लेक्चर देतोय. आम्ही आ वासून बघतोय.

मग आमची पाळी. एकेकाला लटकवलं. मामांनाही सोडलं नाही. काय हसलो होतो आम्ही त्या दिवशी.

थोड्या वेळाने मी वरून ओरडलो, "सर, पायाला मुंग्या आल्या."

"येणारच. बेल्ट माणसाला झेलतो. पण झेललेल्याला तसंच लटकत ठेवलंत तर रक्त पायात साठतं आणि वाचलेला माणूस हातचा जातो. झेलला की लगेच उतरवायचा."

म्हणून शर्यत लावली. एकाने लटकायचं, बाकीच्यांनी चाकांचं उंच मचाण ढकलत आणून त्याच्या पायाखाली लावायचं. दोन टीम. आरडाओरडा, शिट्ट्या, नुसता दंगा.

माझा जोडीदार रामदास तेवढा बाजूला उभा. पेठ तालुक्यातल्या जंगलाकडचा गडी, झाडांवरच वाढलेला. "मला नाय लागत सर बेल्ट. सागावर चढलो, मोहावर चढलो, कधी पडलो नाय."

सर चिडले नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कुठली फांदी तुटेल ते तुला कळतं. कुठला पत्रा फुटेल ते मला पण नाही कळत."

 त्या दिवसापासून रामदास बेल्ट घालायला लागला. कुरकुरत का होईना.

दिवाळी झाली. शेडच्या छतावर बाहेरून बसवलेल्या, हवा खेचणाऱ्या पंख्याची केबल बदलायची होती. मी स्विच बंद करून, कोणी चालू करू नये म्हणून त्यावर स्वतःचं कुलूप घातलं आणि खाली थांबलो. रामदास वर पत्र्यावर गेला.

काडकन आवाज आला.

सिमेंटचा पत्रा फुटला आणि रामदास छतातून आत आला. खाली प्रेस मशिनी चालू. 

तो मध्येच थांबला. बेल्टने झेलला होता.

 कोणीच गोंधळलं नाही. कोणीतरी मशिनी बंद केल्या. मचाण ढकलायला सगळ्यांत पुढे कोण? जाधवमामा. पोट सांभाळत, घामाघूम, "सरका, सरका" करत. शर्यतीत हरलेली टीम त्या दिवशी विजेसारखी पळाली. रामदासचे पाय मचाणाला टेकले.

आणि हा पठ्ठ्या खाली येऊन म्हणतो काय, "माझा एक बूट वरच राह्यला."

ऑफिसच्या फोनवरून सरांना कळवलं. मामांना तो बेल्ट पुढच्या खंडेनवमीला पूजेत ठेवायचा होता. सर फोनवर एवढंच म्हणाले, "कापून टाका. एकदा झेललेला बेल्ट परत वापरायचा नसतो. रामदासला नवा द्या. प्लास्टिक काढून."

आज दुपारी अमरधामला रामदास आला होता. केस पिकलेत. खांदा द्यायला तो सगळ्यांत पुढे होता.

त्याच्याबरोबर त्याची मुलगी होती. आता नर्स आहे. पत्रा फुटला तेव्हा ती आईच्या पोटात होती.

तिने सरांना कधी पाहिलेलं नव्हतं. ती वाकली, सरांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि बराच वेळ उठलीच नाही.

सर, खूप प्रेम. शांतपणे जा.